ऑटोमॅटिकचा दांडा जड झाला तेव्हा

ऑटोमॅटिक गाडीचा गिअर जड लागतोय असं कोणालाही सांगून बघा, समोरचा पहिल्याच वाक्यात तुमचा गिअरबॉक्स खाली उतरवून मोकळा होतो. गेल्या पावसाळ्यात मी हे इतक्या जणांकडून ऐकलं की शेवटी 'गिअर' हा शब्दच सोडून दिला आणि नुसतं "दांडा हलत नाही" एवढंच सांगायला लागलो. खरं म्हणजे दांडा जड असणं ही एक तक्रार आणि गिअर उशिरा पडणं, झटका बसणं, गाडी रेझ होऊनही न ओढणं ही वेगळीच तक्रार, आणि दोघींचा इलाज एकमेकींपासून फार लांब आहे. पैशाच्या हिशेबाने तर फारच लांब.

गाडी जुनी हॅचबॅक आहे, टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे इंजिनचा जोर ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारी, चार गिअरची. मध्ये फ्लोअरवर दांडा, त्याला बाजूला बटण, आणि पी (पार्क), आर (रिव्हर्स), एन (न्यूट्रल), डी (ड्राईव्ह), त्याखाली २ आणि एल. चेंबूरला आमच्या सोसायटीत खाली स्टिल्ट पार्किंग आहे, जोरात पाऊस झाला की तिथे पाणी साचतं, घोट्याएवढं, कधी त्याहून थोडं जास्त, पंप लावला की उतरतं. जुलैमध्ये गाडी तशीच बरेच दिवस उभी राहिली कारण ऑफिसला मी ट्रेननेच जातो, आणि नंतर काढायला गेलो तर पीमधून दांडा निघेना. निघेना म्हणजे अगदी अडकलेला नाही, पण दोन हात लावावेसे वाटतील एवढा घट्ट. मग हळूहळू आर ते एन, एन ते डी, सगळीकडेच तसं व्हायला लागलं, सकाळी जास्त, गाडी तासभर चालली की जरा कमी. आणि मध्येच एकदा गाडी पीमध्ये टाकून बंद केली तर चावीच निघेना. दांडा थोडा पुढे ढकलला तेव्हा निघाली. ही चावीची गोष्ट मी सगळ्यांना सांगत होतो आणि कोणीच मनावर घेत नव्हतं, पुढे तीच महत्त्वाची निघाली.

पहिला संशय उताराचा. आमच्या सोसायटीच्या गेटपासून आत येणारा रॅम्प चांगला तिरका आहे आणि काहीजण घाईत तिथेच गाडी लावतात. पीमध्ये टाकलं की गिअरबॉक्सच्या आत एक लोखंडी खुंटी दातेरी चाकाच्या खाचेत जाऊन बसते, गाडी ती धरून ठेवते. आता उतारावर आधी पी टाकलं आणि मग ब्रेकवरून पाय काढला तर अख्ख्या गाडीचं वजन त्या खुंटीवर येतं, आणि सकाळी पीमधून काढताना ती खुंटी त्या दाबाखालून ओढून काढावी लागते म्हणून जोर लागतो, कधीकधी 'ठक्क' असा आवाज येतो. यावर इलाज साधा आहे. ब्रेक दाबून ठेवायचा, एनमध्ये यायचं, हॅन्डब्रेक ओढायचा, मग ब्रेकवरून पाय काढून गाडीला हॅन्डब्रेकवर बसू द्यायचं, परत ब्रेक दाबून मग पी. माझी गाडी तर सपाट जागेवरच होती, तरी खात्री म्हणून हेच सगळं पाळून एक रात्र ठेवली, सकाळी तेवढाच जड. शिवाय हा उताराचा प्रकार फक्त पीमधून निघताना होतो, एनवरून डीवर जाताना खुंटीचा काही संबंधच नाही. म्हणजे हे कारण गेलं.

दुसरा संशय लॉकचा, आणि बऱ्याच लोकांचा प्रॉब्लेम खरं तर इथेच सुटतो म्हणून जरा सविस्तर सांगतो. ब्रेक दाबल्याशिवाय पीमधून दांडा निघू नये म्हणून दांड्याच्या बुडाशी एक छोटा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी कडी, असते. ब्रेक पेडलच्या वर जो स्विच असतो, ज्याने मागचे लाल दिवे लागतात, त्याच स्विचवरून बहुतेक गाड्यांत या सोलेनॉइडला इशारा जातो की बाबा ब्रेक दाबलाय, आता सोड. तो स्विच खराब झाला किंवा ब्रेक लाईटचा फ्यूज उडाला की मागचे दिवेही लागत नाहीत आणि दांडाही पीमध्ये अडकतो. त्यामुळे दांडा अडकला तर सगळ्यात आधी कोणालातरी मागे उभं करून ब्रेक लाईट बघायला सांगायचं. मी वॉचमन काकांना उभं केलं, त्यांनी "लागतायत, लागतायत, तिन्ही लागतायत" असं ओरडून अख्ख्या विंगला सांगितलं. मग इग्निशन ऑन करून, इंजिन न चालू करता, कान दांड्यापाशी नेऊन ब्रेक दाबला तर आतून टिक असा आवाज येत होता, म्हणजे सोलेनॉइडही जिवंत. दांड्याच्या शेजारी एक नखाएवढं झाकण असतं बऱ्याच गाड्यांना, ते काढून आत चावी किंवा बारीक स्क्रूड्रायव्हर दाबला की लॉक हाताने सुटतं, रस्त्यात अडकलात तर हॅन्डब्रेक ओढून आणि ब्रेकवर पाय ठेवून असं एनमध्ये आणता येतं. मी ते पण करून बघितलं. लॉक सुटत होतं, दांडा तरी जडच. आणि लॉकचा स्वभाव असा की तो एकतर अडवतो नाहीतर सोडतो, अर्धवट जड असं करत नाही.

इथपर्यंत माझं मी केलं. मग गॅरेज.

जवळच्या गॅरेजवाल्याने दांडा दोनदा पुढेमागे केला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला साहेब आत प्लेटा (गिअरबॉक्समधल्या क्लचच्या चकत्या) गेल्यात, बॉक्स उतरवावा लागेल, खोलल्याशिवाय खर्च सांगता येणार नाही. मी विचारलं की डीमध्ये टाकल्यावर गाडी लगेच उचलते, गिअर बदलताना झटका नाही, चढावर सुमननगरचा फ्लायओव्हर आरामात चढते, मग प्लेटा गेल्या कशावरून? तर म्हणे ऑटोमॅटिकचं असंच असतं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो तर तिथे निदान गोड बोलले, एसी लाऊंजमध्ये कॉफी दिली, आणि एस्टिमेट हातात दिलं ज्यात आधी ट्रान्समिशन ऑइल फ्लश, मग शिफ्टर असेंब्ली, म्हणजे दांड्याचा अख्खा संच, आणि 'तरीही नाही गेलं तर' ओव्हरहॉल. आकडा असा होता की त्या गाडीची विकायची किंमत मला आठवली. ऑइल बघितलंत का विचारलं तर ॲडव्हायझर म्हणाला हे फ्लश करतानाच कळेल. अहो, डिपस्टिक, ऑइल बघायची पट्टी, आहे माझ्या गाडीला! बऱ्याच नव्या गाड्यांना नसते, माझ्या आहे. सपाटावर, गाडी गरम असताना, इंजिन आयडलला ठेवून ती ओढून मी स्वतः बघितली होती, लेव्हल बरोबर, रंग लालसरच पण जरा मळलेला, जळका वास नाही. जळक्या वासाचं काळं ऑइल असतं तर गोष्ट वेगळी होती.

आणि मुळात ऑइल कितीही खराब असलं तरी हाताला दांडा जड का लागेल, हे मला कोणी सांगत नव्हतं.

ते सांगितलं आमच्या मामांनी. मामा बेस्टच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत, आता वडाळ्याला राहतात आणि गाडीचं नाव काढलं की गुडघे दुखायचे थांबतात. फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "अरे, चावी अडकली होती म्हणालास ना? मग तुझा दांडा पीवर पोचतोय पण पूर्ण पोचत नाहीये. बॉक्सला कशाला शिव्या देतोस? रविवारी येतो, जॅक आणि दहा-बाराचे पाने काढून ठेव."

मामांचं म्हणणं असं की दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत तीनच गोष्टी आहेत. वर दांडा आणि त्याचं बूड, मधे एक लांब केबल, आणि खाली बॉक्सच्या अंगाला बाहेरून बसवलेला एक छोटा आर्म. आपण दांडा हलवला की केबल तो आर्म फिरवते, आर्म आत एक व्हॉल्व्ह पुढेमागे सरकवतो, आणि पुढचं सगळं, म्हणजे प्लेटा दाबणं, गिअर बदलणं, ते ऑइलचं प्रेशर करतं. आपल्या हाताला प्लेटांचा भार कधी लागतच नाही. म्हणून प्लेटा गेल्या म्हणून दांडा जड झाला हे म्हणजे नळाला पाणी नाही म्हणून तोटी फिरत नाही म्हणण्यासारखं. मग जडपणा या तिघांपैकी कोणात आहे ते शोधायचं, आणि शोधायचा मार्ग एकच, त्यांना एकमेकांपासून सोडवायचं आणि एकेकाला हलवून बघायचं. कसलं मशीन नको, स्कॅनर नको.

रविवारी गाडी सपाटावर आणली, हॅन्डब्रेक, आणि चारही चाकांना पेव्हर ब्लॉक लावले. हे ब्लॉक मामांनी दोनदा तपासले, आणि हे कोणी घरी करणार असेल तर इथे आळस करू नका, कारण केबल सोडवली की वरचा दांडा पीवर दिसतो आणि खाली बॉक्स कशातही असू शकतो, गाडी तुमच्या अंगावर येऊ शकते. इंजिन बंद. बॅटरी आणि एअर फिल्टरचा डबा काढला तर खाली तो आर्म दिसला. केबलचं टोक त्याच्यावर एका प्लॅस्टिकच्या बुशने बसवलेलं असतं. हा बुश तुटला किंवा झिजला तर उलटंच होतं, दांडा एकदम ढिला पडतो, हलतो पण गिअर बदलत नाही, आणि जुन्या गाड्यांत हे पण कॉमन आहे. आमचा बुश ठीक होता. क्लिप काढून टोक आर्मवरून उचललं.

आता मामा म्हणाले दांडा हलव. हलवला. तेवढाच जड! आणि खाली त्यांनी आर्म दोन बोटांनी फिरवला तर तो टक, टक, टक करत एकेका खाचेत मस्त बसत गेला. तेवढ्यात माझ्या डोक्यावरून ते एस्टिमेट उतरलं. बॉक्स बाहेरून तरी निर्दोष होता. मामांच्या मनात अजून एक शंका होती, काही गाड्यांत आर्मच्याच दांडीवर एक स्विच बसवलेला असतो, गाडी पी आणि एनमध्येच स्टार्ट व्हावी म्हणून, त्याच्यात पाणी जाऊन ती दांडी गंजून बसते आणि सगळं जड होतं, आणि लोक त्यालाही बॉक्स गेला समजतात. पण दोन बोटांनी फिरतोय म्हणजे ते पण नाही.

राहिले दांडा आणि केबल. कन्सोल काढायला जास्त वेळ गेला, एक क्लिप तुटलीच, आणि आत मुलांनी सांडलेल्या चिकट कोल्ड्रिंकचा थर सापडला. क्षणभर वाटलं हेच असणार, कारण दांड्याच्या बुडाशी असं काही सांडून चिकटपणा येणं हेही एक खरं कारण आहे, बटण आत जाऊन परत बाहेर येत नाही वगैरे. पण केबलचं वरचं टोक सोडवलं आणि दांडा असा हलला की मीच मागे गेलो. कोल्ड्रिंक निर्दोष. केबलची दोन्ही टोकं मोकळी होती, मामांनी एक टोक हातात धरून ओढलं तर दोन इंच सरकायला त्यांच्या कपाळाला आठ्या आल्या. झालं, चोर सापडला.

गाडी जॅकवर घेऊन खाली स्टँड लावून बघितलं तर कारणही दिसलं. केबल म्हणजे आत पोलादी तार, तिच्याभोवती प्लॅस्टिकची नळी, वरून आवरण, आणि जिथे तार बाहेर येते तिथे रबराचं बूट, पाणी आत जाऊ नये म्हणून. बॉक्सकडच्या टोकाचं बूट फाटलं होतं. आमच्याकडे गाडी आणि पाणी म्हटलं की लोकांना लगेच २६ जुलै २००५ आठवतो, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर, गाड्या छपरापर्यंत बुडालेल्या. पण केबल मारायला त्यातलं काहीच लागत नाही. फाटलेलं बूट, चाकांनी उडवलेलं गांधी मार्केटचं गढूळ पाणी, आणि मग काही दिवस उभी गाडी, एवढं पुरतं. तार गंजते, गंज फुगतो, नळीत जागा राहत नाही. चाललेली गाडी गरम झाली की का हलकं व्हायचं हेही मग लक्षात आलं, खालच्या गरमीने आतली ओल आणि प्लॅस्टिक थोडं सैल होत असणार, निदान मामांचं मत तसं आहे. आणि चावीचं असं की जड केबलमुळे दांडा पीवर शेवटचे दोन-तीन मिलिमीटर पोचत नव्हता, तो पूर्ण पोचल्याशिवाय चावी सुटत नाही.

स्प्रे मारून चालेल का, हा मोह मला झालाच. मामा म्हणाले मार, पुढच्या पावसापर्यंत चालेल. गंजलेली तार नळीला आतून खरवडत राहते, तेल घातलं तरी ते खरवडलेलं भरून येत नाही.

केबल घ्यायला कुर्ल्याला सीएसटी रोडला गेलो. तिथे जुन्या गाड्यांचं काय मिळत नाही ते विचारा, दरवाजे, बंपर, अख्खी इंजिनं फुटपाथवर. एका दुकानदाराने जुनी काढलेली केबल दाखवली, निम्म्याहून कमी किंमत, "एकदम मक्खन" म्हणून हलवूनही दाखवली. पण जुनी केबल दुकानात मक्खनच असते, आत किती गंज आहे ते बाहेरून दिसत नाही, आणि एवढा कन्सोल वगैरे परत कोण उघडणार. नवीन मागवली. पार्ट नंबर जुन्या केबलवरच्या पट्टीवर होता, तो फोटो काढून नेला हे बरं केलं, कारण त्याच मॉडेलला मॅन्युअलची वेगळी, ऑटोमॅटिकची वेगळी आणि मध्येच मॉडेल बदललं तेव्हापासून लांबी वेगळी, दुकानदार नुसत्या नावावर भलतीच देत होता. सगळं मिळून खर्च सर्व्हिस सेंटरच्या नुसत्या फ्लशच्या जवळपास गेला.

बसवणं सोपं, पण जुळवणं हे खरं काम. दांडा वर एनमध्ये ठेवायचा, खाली आर्म पीच्या टोकापासून दोन खाचा मागे, म्हणजे आर सोडून एनवर, आणि मग ॲडजस्टरचा नट कसायचा. कंपनीच्या सर्व्हिस पुस्तकात काही गाड्यांना हे पीवर करायला सांगतात, ज्याचं जे असेल ते. इथे थोडं जरी चुकलं तर आर्म दोन खाचांच्या मध्ये लटकतो, आतला व्हॉल्व्ह अर्धा उघडा राहतो, प्रेशर कमी मिळतं आणि तेव्हा खरोखरच प्लेटा जळतात. किंवा वर पी दिसतं आणि आत खुंटी बसलेलीच नसते. आमचं पहिल्यांदा आरमध्ये मागचा पांढरा दिवा लागेना, म्हणजे एक हलका फरक होता, नट सैल करून परत जुळवलं. मग ब्रेक दाबून प्रत्येक जागेवर चावी फिरवून बघितलं, फक्त पी आणि एनवरच स्टार्ट झाली पाहिजे, तशीच झाली. डॅशबोर्डवरची अक्षरं दांड्याशी जुळतायत का बघितलं. शेवटी रॅम्पवर नेऊन पीमध्ये टाकून, पाय ब्रेकच्या वर तयार ठेवून हळूच सोडली, दोन बोटं सरकली आणि थांबली. चावी निघाली.

दांडा आता एका बोटाने पडतो. बायको म्हणाली की इतका हलका झालाय तर चुकून रिव्हर्समध्ये जाईल, तिला बटण दाबल्याशिवाय जात नाही हे दाखवावं लागलं.

ऑफिसमधला एकजण हे ऐकून म्हणाला माझी पण ऑटोमॅटिक जड झालीय, बघायला गेलो तर त्याची एएमटी. २०१४ ला सेलेरिओपासून आपल्याकडे या एएमटीचं पेव फुटलं, आणि पेट्रोलपंपावर सगळ्यांनाच ऑटोमॅटिक म्हणतात, पण त्यात आत साधा मॅन्युअल बॉक्सच असतो, क्लच आणि गिअर मोटर किंवा हायड्रॉलिकने चालवतात, दांडा बहुतेक वेळा नुसता इलेक्ट्रिक इशारा देतो. बऱ्याचशांना पी नसतोच. त्याच्यासाठी माझं हे सगळं निरुपयोगी, त्याला स्कॅनरवालाच बघावा लागेल, तसं सांगितलं.

एक टोइंगचं राहिलं. दांडा पूर्णच अडकला असता तर गाडी ओढून न्यायला फ्लॅटबेडच बोलवायचा असं मामांनी बजावलंय. पुढची चाकं ड्राईव्हची असतील तर ती जमिनीवर ठेवून लांब ओढायची नाही, कारण इंजिन बंद म्हणजे बॉक्समधला ऑइल पंपही बंद, आणि आतली दातेरी चाकं कोरडी फिरून बॉक्सची वाट लागते. म्हणजे केबल हजारात सुटली असती आणि गॅरेजपर्यंत नेतानाच लाखाचं काम झालं असतं.

ऑइल मात्र बदलायचंय, मळलेलं होतंच. फ्लश मशीनवर नाही करणार. ड्रेन बोल्ट काढला की सगळं ऑइल येत नाही, बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्येच राहतं, म्हणून काढून, भरून, काही दिवस चालवून परत एकदा काढून भरायचं असं ठरलंय. ग्रेड डिपस्टिकवरच लिहिलेली आहे, तीच आणायची, दुकानदार म्हणेल 'सगळ्यात चालतं' ते नाही. पाऊस गेला की मामांना परत बोलावतो.